अर्धी भाकर

मंगरूळपीर, मंगळवार, १८ नोव्हेंबर

राग अजून उतरत नाही. बीपी वाढून ताईच्या उजव्या अंगाला लकवा झाला, तेव्हापासून तिला उभं राहता येत नाही. तरी आरोग्य केंद्रातून तपासणीला येणारी बाई दर महिन्याला वहीत लिहिते, वजन अडुसष्ट किलो. उभं न करता मोजलं कसं? मी बी.ए. झालेली, आणि एकदाही विचारलं नाही. उलट वजन उतरावं म्हणून ताईची भाकर अर्धी केली. चार महिने अर्धी भाकर.

आज विचारलं. "त्या काकू अंगानं भारी दिसतात ना, म्हून अंदाजानं लिवतो," म्हणाली.

तिलाच सोबत घेतलं. शेजारच्या अडत्याकडे सोयाबीनची पोती मोजायचा काटा आहे. त्यावर ताईला खुर्चीसकट ठेवलं, मग नुसती खुर्ची मोजली.

"पोतं समजून विकशीन मले," ताई हसली.

एकावन्न किलो. पायांवर, तोंडावर होती ती सूज, आणि आम्ही तिला चरबी म्हणत होतो.

बाईला वहीतला आकडा खोडायला लावला. बोलले ते कमीच बोलले. पण अर्धी भाकर तिनं नव्हती वाढली.

"भूक लागे त सांगतलं काहून नाही?" घरी येऊन मी ताईवरच खेकसले.

"तू शिकेल हायेस. तुले समजत असन म्हटलं."

संध्याकाळी अख्खी भाकर वाढली. तिनं डाव्या हातानं ती मोडली आणि सवयीनं अर्धी मला परत दिली.