सात दिवसांचा तक्ता

३ मार्च
पोचलो एकदाचा! भोपाळपासून दीड तास धूळ खाऊन. आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, आणि छपरावर आमची चकचकीत सोलर पॅनेलं. म्हशीला मोत्यांची माळ घालावी तशी. नर्स सुशीलाताई मूळच्या अकोल्याच्या. मराठी ऐकून हरखल्या, चहात साखर जास्त पडली. चौकीदार वसंत दिवा सारखा लावतो, विझवतो. बटण पहिल्यांदाच बघत असावा.

नियम असा की इंजिनिअरने सात दिवस इथे राहून रोज दुपारी बाराला तक्ता भरायचा: बॅटरी किती टक्के, केंद्रात माणसं किती. सात दिवस या उकिरड्यावर! मी चहा संपायच्या आत सातही ओळी शाईने भरून टाकल्या. माणसं तीन-तीन लिहिली. शेवटच्या तीन ओळींत कंटाळून दोन. वसंत म्हणाला, साहब, दिन आने से पहले दिन नहीं लिखते. अंगठाबहाद्दर मला शिकवणार!

४ मार्च
बॅटरी ८७ टक्के. माझी थापही ८७! भोपाळला, पिपलानीच्या घरी बायकोला फोन केला. प्राजक्ताला काही कौतुक नाही.

५ मार्च
९१. पुन्हा तंतोतंत. तापाचे पाच पेशंट आले आणि फाटकातूनच परतले. ताईंनी हाका मारल्या, कुणी वळूनही पाहिलं नाही. आत आम्ही तिघंच. गावंढळ लेकाचे, फुकटच्या औषधालाही नखरे.

६ मार्च
मुद्दाम बॅटरीची वायर काढून ठेवली. दिवा चालूच. मीटर ८९, तक्त्यात ८९. स्वस्तातला माल घेतात, दुसरं काय.

७ मार्च
तक्त्यात आजपासून माणसं दोन.
वसंत भर दुपारी मागच्या हौदावर गेला. बादली भरलेली, चपला काठावर. वसंत नाही. हौदात गुडघाभर पाणी. गावाने सगळं शिवार पालथं घातलं. पिऊन पडला असेल, असं मी म्हटलं. पण मला भीती वाटतेय.

८ मार्च
दोनचा आकडा खोडला. खोडल्याची रेघ आपोआप पुसली जाते, दोन तसाच. तक्ता फाडला, बॅगेत पुन्हा अखंड. पळायला निघालो, फाटकापुढे पाऊल पडेना. ताईंना सगळं सांगताना रडलो. उद्या कुणाला आत घेऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, भाऊ, कल्पनाचे दिवस भरलेत, पहिलटकरीण आहे, तिला कुठे पाठवू?

९ मार्च
अकरा वाजले. कल्पना आली. कळा सुरू. घरची माणसं फाटकाबाहेरच उभी, आत यायला तयार नाहीत —

दिवा एकदाही मिणमिणला नाही. आत आम्ही तिघं. तक्त्यात दोन.

बारा वाजायला दहा मिनिटं. बाळ आलं. चौघं.

ताई हात धुवायला मागे गेल्या. चपला दारातच —
ताई ओ देत नाहीत.

तिघं.

बाळ गप्प झालं. नको, ते नको. लिहिलं मी, त्याने काय —

रडलं! आईला बिलगलंय. दोघं. दिवा लख्ख. आकडा बरोबर येतोय, म्हणजे आता मी