अध्यक्षबाईंचा नवरा खाली बसायचा

यशोदे,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. तू असतानाही लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांनी पत्रं कशाला लिहायची? पण परवा ग्रामसभेत मी तोंड उघडलं, आणि ते उघडणार नाही असा शब्द मी तुला दिला होता. आपल्या गावचं कोणी ना कोणी तिकडे येतच असणार. त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

बाकी खबर ठीक. भात घरात आलं. गवे यंदा आपल्या शेतात उतरले नाहीत, शेजारच्याच्या उतरले. लेक फोन करते, जेवला का विचारते. तू अहेव गेलीस म्हणून बायका अजून तुला भाग्यवान म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही.

पंचायतीचं अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा लोक आधी माझ्याकडे आले होते, आठवतं? नाव वैनींचं, काम तुमचं, असं म्हणाले. मी हो म्हणून मोकळा झालो. तू चुलीपाशी ऐकत होतीस, तुला विचारलंसुद्धा नाही. रामनगरच्या बाजारातून मी स्वतःसाठी पांढरा शर्ट आणला आणि तुझ्यासाठी काही नाही! आसपासच्या अध्यक्षबाईंचे नवरेच तेव्हा कारभार बघायचे. बाईंना फोन लावला की नवरा उचलायचा आणि म्हणायचा, अध्यक्ष बोलतोय. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. पंचायतीचं ऑफिस टेकाडावर, वर जायला उभ्या दगडी पायऱ्या, कठडा नाही. जंगलच्या कामावर ओंडक्याखाली माझा पाय गेला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कुबड्यांवर मी कुठंही जायचो, पण त्या पायऱ्या काही मला जमेनात. चौघंजण म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेतो. मी नको म्हटलं. ज्याला उचलून आणावं लागतं त्याचं ऐकणार कोण? मग मी खाली फणसाच्या झाडाखाली बसलो आणि तुला सांगितलं, काही अडलं की येऊन विचार.

आणि तू येत होतीस गं! पदर खोचून, धापा टाकत. पाण्याची टाकी आधी कुठल्या वाडीला द्यायची? आलीस खाली. या कागदावर सही करू का? परत खाली. वर पंचायतीचे सरकारी अधिकारी, पीडीओ साहेब, आणि सगळे मेंबर तुझी वाट बघत बसलेले. मेंबर हसायचे ते मला खालपर्यंत ऐकू यायचं. मी आपला रुबाबात उत्तर द्यायचो आणि तुला पुन्हा वर पाठवायचो. तुझे गुडघे दुखत असतील हे एकदाही डोक्यात आलं नाही.

मग एका मीटिंगला तू खाली आलीच नाहीस. मी सारखा वर बघतोय. दुपार कलली, मेंबर उतरले, आणि त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. सगळ्यांच्या मागून तू आलीस. मी विचारलं, आज काही अडलं नाही वाटतं?

"अडलं हुतं," तू म्हणालीस. "मी ठरवलं."

एवढंच. म्हशीची धार काढायची हाय म्हणून चालू लागलीस. मला राग आला होता, यशोदे. घर येईपर्यंत मी बोललो नाही. तुला ते कळलंच नाही, की कळून तू दाखवलं नाहीस?

त्याच आठवड्यात तू माझ्याकडून शब्द घेतलास. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरायची, तिथं मला येता यायचं. तुमी बोलला की लोक म्हणणार, बाई नुसती नावाला हाय, असं तुझं म्हणणं. मी शब्द पाळला. तू अध्यक्ष होतीस तोवर सगळ्यात मागं बसलो आणि तोंडात सुपारी धरली.

पण आता एक सुनावतो, तिथून तुला उलट बोलता यायचं नाही. तू टाकी आणलीस, दिग्गीकडच्या वाटेसाठी साहेबांशी भांडलीस, अंगणवाडीवर कौलं घातलीस. त्या पायऱ्यांच्या बाजूनं एक साधा चढ, रॅम्प म्हणतात तो, मात्र काढला नाहीस. घरी विषय काढला की म्हणायचीस, लोक म्हणतील नवऱ्यासाठी केला. म्हणू द्यायचं होतं! त्या पायऱ्या काय एकट्या माझ्या वाटेत होत्या? वरच्या वाडीतली सुलभा, जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही. कसलाही दाखला काढायचा तर तिचा बाप तिला पाठीवर घेऊन वर चढायचा. लहान होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. आता ती बी.ए. झाली आणि पंचायतीला उभी राहायचं म्हणते. मेंबर झाली तर दर मीटिंगला बापाच्या पाठीवरून जायचं? मला बोलायची बंदी, तुला करायचा संकोच, आणि मधे ती पोर अडकली. यात तू चुकलीस. तू जिवंत असताना हे इतकं सरळ बोलायला मला जमलं नसतं.

तर परवाचं. आताची अध्यक्ष रेश्मा, परशाची बायको. तू ओळखतेस. ती खुर्चीत आणि परशा तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा. सुलभानं बसल्या जागेवरून हात वर केला आणि ऑफिसला चढ पाहिजे म्हणून मागणी केली. नीट बोलली, कायद्यात आहे तेही सांगितलं. रेश्मा तोंड उघडते न उघडते तोच परशा बोलला, "बघू की. तुझा बा हाय न्हवं उचलायला?"

काही लोक हसले. तुझ्या वेळचं तेच हसू. मी कुबड्या घेऊन उठलो.

"परशा," मी म्हटलं, "तिनं तुला विचारलं न्हाई. अध्यक्षांना विचारलंय. तू बस खाली."

परशाला खुर्ची नव्हती, तो पोरांच्या शेजारी जमिनीवर बसला. रेश्मानं टेबलावरचा कागद सरळ केला. मग पीडीओंकडे न बघताच म्हणाली, पायऱ्यांच्या बाजूनं चढ काढायचा, दोन्हीकडं कठडा, पाऊस लागायच्या आधी, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. सुलभा रडली नाही. चढ किती रुंद पाहिजे ते सांगू लागली.

आता सांग, माझा शब्द मोडला का? मी आता कुठल्याच अध्यक्षबाईंचा नवरा नाही.

सभा उठल्यावर रेश्मा माझ्याजवळ आली. तुझी आठवण काढली, काकी असत्या तर, वगैरे. मग आवाज खाली करून विचारलं, काकींनी पहिल्यांदा एकटीनं ठरवलं ते त्यांना जमलं कसं? मला मोठं काहीतरी सांगता आलं असतं. खरं तेच सांगितलं, की मला वर चढता येत नव्हतं.

ती हसली. हसता हसता थांबली.

"आमचे ह्ये चढत्यात की, काका."

दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय.

चढ होईल, रेश्मा करेल. सुलभा त्यावरून आपल्या आपण वर जाईल, निवडून आली तर मेंबर म्हणून जाईल. मीही एकदा जाऊन येईन, मीटिंग नसेल अशा दिवशी, तू कुठं बसायचीस ते बघायला. पण मीटिंग असेल त्या दिवशी मी फणसाखालीच बसणार, आणि परशाला हाक मारून शेजारी बसवून घेणार. तो बोलघेवडा आहे, गव्यांचा विषय काढला की त्याला जागेचं भान राहत नाही. वर रेश्माचं ठरेपर्यंत त्याला उठू द्यायचा नाही, एवढं मी तुला कबूल करतो.

तुझा,
पुंडलीक