दिव्यावर पारखलेले सेल

दि. ९ नोव्हेंबर, संध्याकाळचे सव्वासात. दुकानाचं शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकांच्या घड्याळांतून काढलेल्या संपलेल्या सेलांचा डबा पुढ्यात घेऊन बसलो आहे.

ती. ताईस, आणि तिच्या खांद्यावरून वाचणाऱ्या ती. बाबांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना बोलता येत नाही, म्हणून आपली पत्रंच बरी. रोज दिवेलागणीला वीज जाते आणि त्यांच्या गळ्यातली श्वासाची नळी तुला मेणबत्तीच्या उजेडात साफ करावी लागते, हे तू लिहिलं होतंसच. परवा मेण त्यांच्या छातीवर सांडलं हे वाचलं आणि ताट तसंच ठेवून तारा काढून बसलो. टॉर्चला तीन नवे सेल लागतात आणि ते आठवडाभरही पुरत नाहीत, तेही खरं.

म्हणून बसच्या ड्रायव्हरकाकांबरोबर एक दिवा पाठवतो आहे. त्याला एकच सेल लागतो आणि तो संपलेला चालतो. बंद पडलेल्या सीएफएल बल्बच्या पोटातलं एक काळं कडं घेतलं, त्यावर लाल आणि हिरवी तार जोडीनं गुंडाळली, तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि उजेडाला एक पांढरी एलईडी जोडली. पहिल्यांदा पेटलाच नाही. दोन्ही तारांची सुरुवातीची टोकं मी एकत्र पिळली होती. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला तेव्हा पेटला. थकलेल्या सेलात पांढरा दिवा लावण्याइतका जोर नसतो. हे कडं त्याच्याकडून थोडं थोडं घेतं आणि झटक्यानं पुढे ढकलतं, झोका देतात तसं. झटके इतके भराभर बसतात की डोळ्याला उजेड सलग दिसतो.

एक सूचना, खाली रेघ मारली आहे. घरातला वापरलेला सेल यापुढे फेकू नकोस. या दिव्यात घालून बघ. लख्ख पेटला तर सेल चांगला, खिडकीतल्या डब्यात ठेव. नाही पेटला तरच फेक.

बाबांच्या उशाची बेल ठीक आहे ना? नळी तुंबली की तीनदा दाबायची, हे ठरलेलं त्यांच्या लक्षात असेलच. जन्मभर लिलावात बोली पुकारणाऱ्या माणसाला एक वार, दोन वार, तीन वार मी काय शिकवणार.

दोघांचा लोभ आहेच, तो असाच पाठीशी राहू दे.

तुमचा धाकटा

*

दि. १६ नोव्हेंबर

चि. मिनिटरावास, ताईचे आशीर्वाद आणि बाबांची मान हलवून पसंती.

दिवा पोचला, सोबत तुझी रेघ मारलेली सूचनाही पोचली. नववीत शाळा सोडली नसतीस तर मास्तर होऊन पोरांना छळलं असतंस. पण दिवा गुणाचा आहे. तुझ्या डब्यातल्या एकाच सेलावर चार संध्याकाळी गेल्या. नळी आता कशी स्वच्छ दिसते. बाबांनी पाटीवर लिहिलं, पोरानं मेलेल्यातून उजेड काढला. खालच्या शिंपीणबाई पाहून गेल्या आणि आपल्या घरातले संपलेले सेल ओंजळभर आणून दिले.

बेलचा आवाज मात्र घोगरा झाला होता. बाबा पाटीवर लिहितात, हिचाही घसा बसला, हिलाही नळी घाला. ही असली थट्टा करतात आणि मलाच हसायला सांगतात. नवे सेल आणायला निघाले होते, पण तुझी सूचना आठवली. टॉर्चमधून काढलेले दोन सेल दिव्यावर पारखले, दोन्ही लख्ख पेटले. तेच आज बेलमध्ये घातले. एकदा दाबून पाहिली, खणखणीत वाजली. तेवढे पैसे वाचले, तुझ्या हिशेबात मांड.

जेवत जा, आणि घड्याळात न बघता जेव.

तुझी ताई

*

दि. २९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तू गेल्यापासून तुझी एक ओळ नाही. चार दिवस घरात होतास, माणसांची ये-जा होती, त्यात मला तोंडावर सांगता आलं नाही. पत्रात सांगते.

सतरा तारखेला वीज गेली, मी तुझा दिवा लावला, बाबांना पाणी दिलं आणि खाली शिंपीणबाईंकडे उसवलेली चादर आणायला गेले. त्यांचं मशीन चालू होतं. कशावरून तरी आम्ही दोघी हसत बसलो, कशावरून ते आता आठवतही नाही. वर आले तेव्हा दिवा छान जळत होता आणि बाबांचा अंगठा बेलच्या बटणावर होता, दाबलेला. नळी पूर्ण तुंबली होती.

ते वाजवत राहिले असतील आणि मी हसत होते. एरवी ती बेल खालच्या जिन्यापर्यंत ऐकू यायची. लोकांना मी सांगते की झोपेतच गेले. शिंपीणबाई दोनदा वर आल्या, मी दार उघडलं नाही. आता भांडं आपटलं तरी मला बेल वाजल्यासारखी वाटते आणि मी उठून बसते.

तू रागावून गप्प असशील तर तो राग माझ्या वाट्याचाच आहे.

ताई

*

दि. ३ डिसेंबर, सकाळचे पावणेसहा. दुकान उघडलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत.

ती. ताईस नमस्कार.

तुझं सोळा तारखेचं पत्र इथे आलं तेव्हा मी घरी, बाबांच्या क्रियाकर्माला आलो होतो. परत आल्यावर वाचलं. त्या दिवसापासून मला माहीत आहे आणि मी गप्प आहे. रागावून नाही.

बेल वाजलीच नाही. तू हसत होतीस म्हणून ऐकू आली नाही असं नाही, ती वाजलीच नाही. थकलेला सेल काही तास पडून राहिला की थोडा सावरतो, एक-दोनदा काम करतो आणि पुन्हा बसतो. तू दाबलीस तेव्हा बेल तेवढ्यापुरतीच वाजली. बेलला सेलाचा स्वतःचा जोर लागतो. माझ्या दिव्याला लागत नाही, म्हणूनच तर तो केला होता. सेल चांगला की वाईट, हे त्या दिव्यावर कधीच कळणार नव्हतं. दुकानात मी रोज मीटर लावून सेल तपासतो, आणि तुला लिहिलं की लख्ख पेटला तर सेल चांगला. रेघ मारून लिहिलं.

खात्री करून घे. बेल अजून उशाशी असेल. सेल न बदलता पुन्हा पुन्हा दाबून बघ, इतके दिवस पडून राहिल्यानं एखाददा वाजेलही, पण लगेच बसेल. मग तेच सेल दिव्यात घाल, तो पेटेल. मला न बघताही ठाऊक आहे, पण तू बघ, नाहीतर मी तुझी समजूत घालतो आहे असं तुला वाटेल.

आणि मग खाली जाऊन शिंपीणबाईंना भेट. त्यांचं काही चुकलेलं नाही, तुझंही नाही.

यावर तुला जे लिहावंसं वाटेल ते लिही. मी वाचेन.

धाकटा

दिव्याचा हिशेब तुला दिला नव्हता. ट्रान्झिस्टर आठ, रेझिस्टर एक, एलईडी पाच. कडं आणि तार फुकट. एकूण चौदा, सामानवाल्याला अजून देणं आहे. बेलसाठी नवे सेल दोन, चाळीस. हा खर्च झाला नाही. तू मांडायला सांगितलं होतंस, म्हणून मांडला.