कांद्याच्या शेडमागचं मादागास्कर

अहो,

परवा सकाळी आफ्रिकेहून घरी आले. बॅग अजून अर्धीच उपसलीय, धुणं बादलीत भिजतंय, आणि मी तुमच्या टाचणवहीच्या, रोजचे पाठ टाचायचात त्या वहीच्या, मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसलेय. तेही तुमच्याच लाल पेनानं! तुम्ही गेलात त्याला दीड वर्ष झालं. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच माझ्याकडं. आता आहे. तुमचा पेपर तपासून आलेय मी.

शेवटच्या आठवड्यात काय विचारलं होतंत, आठवतं? दुपारची वेळ. मी पुंडलिकनगरच्या आपल्या ओसरीत तूरडाळ निवडत होते, तुम्ही कॉटवर पडल्या पडल्या छताकडं बघत होतात. एकदम म्हणालात, "अगं, चौतीस वर्षं मी पोरांना आफ्रिका शिकवली. एकदाही डोळ्यांनी बघितली नाही. खोटं तर नसंल ना शिकवलं?"

आणि मी काय म्हणाले? "काय बाई तुमचं एकेक! आधी गोळी घेतली का ते सांगा." बस. एवढंच. चार दिवसांनी तुम्ही गेलात. लोक समाचाराला येत होते, आपला सचिन पुण्याहून आलेला, दहावा-तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं, आणि माझ्या कानात आपलं एकच, खोटं तर नसंल ना. मला रडूसुद्धा धड आलं नाही हो. प्रश्नाचं उत्तर न देता माणसाला पाठवून दिलं, मग रडायचं कोणत्या तोंडानं?

आणि आफ्रिका बघितली नाही ती कुणामुळं? माझ्यामुळं! रिटायर झालात त्याच महिन्यात टूरवाल्याचं रंगीत पुस्तक घेऊन आला होतात. मी म्हटलं, आधी सचिनचं लग्न. लग्न झालं तर म्हटलं, आधी वरचा मजला. मग माझे गुडघे. तुम्ही दर दिवाळीला पुस्तक काढायचात, दर दिवाळीला मी नवं कारण काढायची. शेवटी ते पुस्तक तुम्ही कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलंत आणि परत काढलं नाहीत. तुम्हीही एकदा आवाज चढवून म्हणायचं होतं ना, "चल म्हटलं की चल!" पण नाही. तुमचा आवाज फक्त वर्गात चढायचा.

वर्ग म्हणजे तरी काय, मैदान! वैजापूरच्या शाळेत तुमच्या सातवीच्या पोरांनी आफ्रिका पुस्तकातून वाचलीच नाही. तुम्ही फक्कीचं घमेलं घेऊन निघायचात, कबड्डीच्या रेषा मारायची ती पांढरी पूड. निंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत अख्खा खंड आखायचा आणि एकेका पोराला जागेवर उभं करायचं. सगळ्यांत उंच पोरगी, ती शोभा, किलीमांजारो. ज्याच्या झिपऱ्या वाढल्यात तो काँगोचं जंगल. सहारात उभं राहील त्यानं तास संपेपर्यंत पाणी मागायचं नाही. हापशापाशी नाईल नदीचा उगम. हापसा हाणला की पाणी बरोबर उताराला लागून उत्तरेला, हेडमास्तरांच्या खोलीकडं धावायचं. पोरं ओरडायची, "नाईलला पूर आला, गुरुजी!" हेडमास्तर बेजार व्हायचे.

फक्त मादागास्करला जागा पुरायची नाही. पूर्वेला शाळेची भिंत, आणि भिंतीपलीकडं अडत्याची कांद्याची शेड. तुम्ही हात करून सांगायचात, "मादागास्कर तिकडं, शेडच्या मागं." एका बहाद्दरानं सहामाहीच्या पेपरात तसंच लिहिलं की! "मादागास्कर हे बेट कांद्याच्या शेडमागे आहे." तुम्ही त्याला अर्धा मार्क दिलात, दिशा बरोबर आहे म्हणून. घरी येऊन मला सांगताना हसून हसून तुम्हाला ठसका लागला होता.

आणि माझी जागा! ती कशी विसरेन? एकदा डबा विसरलात म्हणून मी शाळेत आले आणि फाटकातूनच हाक मारली, "अहो, डबा ऱ्हायला तुमचा!" तुम्ही वळलात, मला हाताला धरून खंडाच्या खालच्या भागात नेऊन उभं केलंत आणि साठ पोरांपुढं म्हणालात, "मुलांनो, हा व्हिक्टोरिया धबधबा. ह्याचा आवाज कोसावरून येतो." झालं! त्या दिवसापासून बाजारात पोरं म्हणायची, धबधबाबाई चालल्या. मी चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही शांतपणे जेवलात आणि म्हणालात, "यंदा धबधबा आटला वाटतं." तेव्हा इतका राग आला होता म्हणून सांगू!

तर वर्षश्राद्ध झाल्यावर मी ते पुस्तक इस्त्रीच्या कपड्यांखालून काढलं आणि टूरवाल्याला फोन केला. सचिन म्हणाला, "आई, एकटी? आफ्रिकेत? तुझे गुडघे?" भाऊजींनी वैजापूरहून फोन केला, "वहिनी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, भाऊजी, लोकांनी म्हणायचं ते म्हणू द्या, मला एक पेपर तपासायचाय. गुलमंडीत जाऊन बूट घेतले, रेनकोट घेतला, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली, आणि निघाले. भीती वाटली का? नाही वाटली. चौतीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकलेलं गाव ते, त्यात भ्यायचं काय?

तुम्हीच सांगायचात ना, आपल्या शहराला ज्यानं आकार दिला, जमिनीखालच्या नहरीनं घरोघर पाणी खेळवलं, तो वजीर मूळचा हबशी, तिकडचाच. म्हणायचात, त्यानं येऊन आपली तहान भागवली, आपण एकदा त्याचं घर बघून यायला पाहिजे. विमान उडालं तेव्हा मला तेच आठवत होतं.

पहिला मुक्काम मिसरला. नाईल बघितली. बोटीत वल्हेवाल्याला मी खुणेनं विचारलं, पाणी कोणीकडं चाललंय? त्यानं उत्तरेला हात केला. मी बरोबर नेलेल्या तुमच्या टाचणवहीत बरोबरची खूण केली. शेजारच्या नाशिकच्या बाई म्हणाल्या, "काकू, फोटो काढायचा सोडून तुम्ही काय लिहिताय?" म्हटलं, मार्क देतेय.

पण पुढं एक चूक सापडली तुमची! सहारा म्हणून तुम्ही गोदाकाठची वाळू पाटीभर आणून ओतायचात ना? विमानातून खाली बघते तर तासभर काळे खडक, खडी, उघडे डोंगर, मधे कुठंतरी वाळूचा पट्टा. सगळा सहारा म्हणजे वाळू नव्हे, गुरुजी! बरोबरचा मार्गदर्शकही म्हणाला, वाळू थोडी, दगडच जास्त. एक मार्क कापला. नाराज होऊ नका, तुम्हीच म्हणायचात, तपासणारानं नातं बघायचं नसतं.

किलीमांजारो पहाटे दिसला. आधी नुसते ढग, गाडीतली माणसं कंटाळून चहा प्यायला लागली, आणि एकाएकी ढगांच्याही वर, आपण बघतच नव्हतो इतक्या वर, बर्फ! खाली गवतात हत्तींचा कळप आपला निवांत चाललेला. तुम्ही शोभाला बाकावर उभं करून तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल ठेवायचात, अगदी तस्सं. पैकीच्या पैकी.

केपटाऊनचा टेबल माउंटन बघून मात्र मला हसूच आलं. माथा कसा सपाट, थेट आपलं म्हैसमाळ! आणि त्याच्याच पलीकडं समुद्रावर पेंग्विन. आठवतं, आफ्रिकेत पेंग्विन आहेत असं सांगितलंत म्हणून स्टाफरूममध्ये सगळे तुम्हाला हसले होते? "गुरुजी, उन्हानं डोकं फिरलं का?" तुम्ही पुस्तकातलं पान दाखवलंत, तरी त्या दिवशी जेवला नव्हतात. अहो, शेकड्यांनी आहेत! वाळूत, झुडपांत, रस्त्याच्या कडेला. चालतातसुद्धा तुमच्या हेडमास्तरांसारखे. मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, "व्हय हो, आहेत की पेंग्विन!" अख्खा ग्रुप वळून बघायला लागला.

धबधबा टूरवाल्यानं शेवटी ठेवला होता. दूरवरनंच पांढरा धूर दिसायला लागला. तिथला पोरगेला मार्गदर्शक म्हणाला, आम्ही ह्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतो, म्हणजे गर्जणारा धूर. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, आमच्या गुरुजींनी सांगितलंय. गुडघे धरत धरत मी कठड्यापर्यंत गेले. काय सांगू तुम्हाला! एवढं पाणी, आणि सगळं एकदम खाली. तुषार वर येऊन परत आपल्याच अंगावर पडतात, रेनकोटाचा काही उपयोग नाही. इंद्रधनुष्य तर हाताशी. आणि आवाज? शेजारची नाशिकची बाई तोंड हलवत होती, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा मोठा आवाज भेटला.

मग मी एक केलं. रागावू नका. मी तुमचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. एक्केचाळीस वर्षांत असं कधी घेतलं नव्हतं. बेंबीच्या देठापासून हाक मारली आणि ओरडले, "नाही शिकवलं खोटं! ऐकलं का? सगळं आहे इथं, जिथं म्हणालात तिथंच आहे!" आणि मग जे रडू आलं ते आवरेचना. कुणाला कळलं नाही. सगळ्यांचीच तोंडं ओली होती.

तेव्हा ऐका. त्या दुपारी द्यायचं उत्तर मी आज देतेय. उशिरा देतेय, त्याची माफी मागते. पण पक्कं देतेय, बघून देतेय.

काल शोभाचा फोन आला होता. ती आता आपल्याच शाळेत शिकवते, माहीत आहे ना तुम्हाला? म्हणाली, "काकू, गुरुजींवानी आफ्रिका मला आखता येत नाय. एकदा येऊन दाखवता का? आन् बरं का, ती कांद्याची शेड पाडली, भिंत बी मागं सरकवली. लई जागा झालीय." मी हो म्हटलं. शनिवारी सकाळच्या एसटीनं वैजापूरला जातेय. फक्की तिनं आणून ठेवलीय.

तुम्हाला शब्द देते. सहारात ह्या वेळी दगडही मांडीन. मादागास्कर भिंतीच्या आत आखीन. ते बेट बघायचं राहिलंय, म्हणून तुमचा अर्धा मार्क मी राखून ठेवलाय. गुडघ्यांत धुगधुगी आहे तोवर तिथंही जाऊन येईन. आणि शनिवारी सगळी पोरं आपापल्या जागी उभी राहिली, की खंडाच्या खालच्या भागात मी स्वतः जाऊन उभी राहीन. हाताला धरून न्यावं लागणार नाही.

तुमचीच,
व्हिक्टोरिया धबधबा