चिकोडी रोडवर भेटू

बेळगाव, ता. २० फेब्रुवारी १९४३

ती. आक्काच्या सेवेशी, परशरामचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या पलटणीला समुद्रापार जायचा हुकूम आलाय. टपालाने हे लिहायला बंदी, म्हणून आपल्या गल्लीतल्या भरमूच्या हाती देतो. मंगळवारी आमची रेल्वे निघेल, दुपारी चिकोडी रोड स्टेशनात पाणी घ्यायला थांबेल. तिथे ये.

तू म्हणशील, मोटारीने बेळगावलाच येते. येऊ नकोस. रस्त्यावर तंबाखूच्या गाड्यांची रीघ, त्यात लष्कराच्या लॉऱ्या. मागल्या खेपेस तू पोचलीस तोवर छावणीचं फाटक बंद झालेलं, अन् पहारेकऱ्याला शिव्या घालून तू परत गेलीस, ते सांगून पोरं अजून हसतात. रेल्वेच्या वाटेत बैल आडवे येत नाहीत. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुझ्या पाया न पडता गेलो तर तिकडे धीर राहणार नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

परशराम

निपाणी, ता. २१ फेब्रुवारी

चि. परशरामास आक्काचे अनेक आशीर्वाद.

भरमू उभ्या उभ्या परत निघालाय, म्हणून चार ओळी. तो पहारेकरी शिव्या खाण्याच्याच लायकीचा होता. सोमवारीच गाडी जुंपून निघते, शेंगांचे लाडू आणते. डब्याच्या दारात उभा राहा, मला शोधायला लावू नकोस.

जिवाला जप, बहिणीला विसरू नकोस.

तुझी आक्का

पुणे, ता. २४ फेब्रुवारी

ती. आक्काच्या सेवेशी, शि. सा. न. वि. वि.

आक्का, घात झाला. ऐनवेळी हुकूम फिरला. रेल्वे दुसऱ्या पलटणीला मिळाली आणि आम्हाला लॉऱ्यांत भरून पुण्याच्या रस्त्याला लावलं. तुला कळवणार कसं?

निपाणीत शिरलो आणि तंबाखूच्या गाड्यांत अडकलो. मागे-पुढे गाड्याच गाड्या, बैल सोडलेले. आमची लॉरी थांबली ती आपल्या घरासमोर. जमादारांनी उतरू दिलं. दाराला कुलूप. वाटेत ज्या गाडीवानांना शिव्यांची लाखोली वाहिली, त्यांनाच हात जोडून विनवत होतो, की हलू नका, माझी आक्का इतक्यात येईल. मग शेजारच्या गुणाकाकू म्हणाल्या, की आक्का तर कालच तुला भेटायला चिकोडी रोडला गेली. त्यांनी दिलेली भाकरी तशीच फडक्यात बांधली. दिवस कलल्यावर वाट मोकळी झाली. कुलपालाच डोकं टेकवून निघालो. मीच तुला घराबाहेर काढलं गं.

लोभ कमी करू नकोस.

अभागी परशराम

निपाणी, ता. १ मार्च

चि. परशरामास आक्काचे उदंड आशीर्वाद.

रेल्वे अगदी वेळेवर आली. तुझ्या नावाने हाका मारत डब्याडब्यापाशी धावले. सगळी परकी पोरं. गाडी हलली तेव्हा नंदगडकडच्या एका पोराच्या हातात लाडवांचा डबा दिला. त्यानं वाकून माझे पाय शिवले, आक्का म्हणाला, आणि मला भडभडून आलं. आशीर्वाद तुझा होता, त्याच्या डोक्यावर ठेवला.

तू दिवस कलेपर्यंत दारात होतास! तेवढ्यात मी चूल पेटवली असती, तुला जेवू घातलं असतं, पोटभर बघितलं असतं. हे मनातून जात नाही. रात्रंदिवस तेच. तुझा दोष नाही रे, पण मी काय करू? रस्त्यावर कोंडी झाली की उठते, एकेका लॉरीत डोकावते. गुणाकाकू म्हणतात की आक्काताई, येड लागंल तुला.

पत्र पलटणीच्या नावाने टाकतेय, कुठे गाठेल कोण जाणे. कुलूप विहिरीत टाकलं. रेल्वेने ये नाहीतर लॉरीने, मी आता घर सोडत नाही.

वाट बघणारी,
आक्का