माझं सुधारलेलं अक्षर

१४ फेब्रुवारी १९६२
अक्षर आहे की कोंबडीचे पाय! बोटं बधिर. पेन्सिल धरली आहे की सुटली, ते बघितल्यावर कळतं. नवऱ्याचं, तोमेझोचं असंच सुरू झालं — आधी बोटं, मग जीभ, मग सगळंच. काल त्याला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, शेवटचा विधी झाला. मला पाचवा महिना. मी गेले तर पोटातल्याचं काय?

१६ फेब्रुवारी
सासूबाईंनी तारली आणली, कच्चीच कापून पुढ्यात ठेवली. म्हटलं, "ह्यात कारखान्याच्या पाण्यातला पारा असेल ना हो?"
"अगं, कारखान्यानं पाणी गाळायचं यंत्र बसवलंय ना! साहेब टोपी काढून सांगून गेले, खाडी स्वच्छ आहे म्हणून. आणि आजाऱ्याला मासा नाही तर काय, मुळा घालू? त्यात तू पोटुशी!"
तोमेझोलाही शेवटपर्यंत हेच भरवलं होतं. खाल्ली. गोड होती.

९ मार्च
बशी फुटली. तिसरी. सासूबाई ओरडल्या नाहीत — त्याचीच भीती वाटली.

२ एप्रिल
ओठही बधिर! चहा सांडतो, कळत नाही. एबिसूदेवापुढे डोकं आपटलं. कोळ्यांचा देव ना तू? मग हे दुखणं माझ्या अंगातून काढ. कुणालाही दे, पण काढ!

२८ मे
सुई ओवली! पहिल्याच झटक्यात! आठ लंगोट शिवले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, माशानंच गुण आला. आणि तू तोंड वाकडं करत होतीस!" रडले मी. देव पावला.

१९ जून
मुलगी. मिओ. रडतसुद्धा नाही, किती गुणी!

३ ऑक्टोबर
मान धरत नाही. दूध गिळता येत नाही, गालावरून ओघळतं. मुठी घट्ट वळलेल्या, थरथरतात. सासूबाई मासे आणतच आहेत — दूध यावं म्हणून.

११ नोव्हेंबर
कुमामोतो शहरातून डॉक्टर आले होते. मला बोटं मिटायला-उघडायला लावली. मग मिओच्या मुठी उघडून बघितल्या. "तुमच्या अंगातला पारा नाळेतून हिच्यात उतरला असणार, बाई. म्हणून तुम्ही बऱ्या झालात."
"मग तो परत माझ्यात घाला!"
त्यांनी बॅग मिटली. औषध नाही. सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. टोपलीतली तारली तशीच राहिली.

१२ नोव्हेंबर
अक्षर किती सुबक आलंय.
कुणालाही दे, म्हणाले होते मी.