मोरपंखी, हळदी आणि मोतिया

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
निश्चय: एका महिन्यात घराचा कायापालट. नवीन काही आणायचं नाही. जुनं आणायचं, घासायचं, रंगवायचं. रंग तीनच: मोरपंखी, हळदी, मोतिया. चौथा रंग दिसला की घराबाहेर.

मोबाईलवर एका बाईचं घर बघितलं. तिने जुन्या शिडीचं बुकशेल्फ केलंय. आपल्याकडे पुस्तकं दोन, त्यातलं एक कुकरबरोबर आलेलं. तरी शेल्फ करायचं. शेल्फ असलं की पुस्तकं येतात.

माझी शाळा नववीत सुटली, पण नजर सुटली नाही. गोदामात औषधांच्या खोक्यांवर लेबलं लावतो. सरळ लेबल लावण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. सुपरवायझर म्हणतो, तुझी नजर म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

बायकोला तीन रंग सांगितले. ती म्हणाली, आधी आपल्या चिंगीच्या पलंगामागची भेग बघा. बघितली. केसाएवढी. पुट्टी आणि वर मोतिया. विषय संपला.

४ फेब्रुवारी, बुधवार
शेजारचं घर पाडून झालं. आमच्या घराचं ते जुळं भावंड, एकाच माणसाने बांधलेलं. आता तिथे मोठी इमारत होणार म्हणून आमच्या भिंतीला खेटून मशीनने खड्डा खणताहेत. दिवसभर धाड, धाड. फळीवरचे कप किणकिणतात. बायकोचं डोकं उठतं. मला उलट बरं पडतं, त्या तालावर पॉलिशपेपर चालतो.

भंगारवाल्याकडे त्याच घरातलं सामान आलंय. कपाट, तीन खुर्च्या, खिडकीची चौकट. तो म्हणाला, डोळे मिटून न्या साहेब, तुमच्या घराला मापात बसेल, सख्खं नातं आहे. सगळं उचललं. एवढं नशीब रोज फळफळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
कपाट मोरपंखी, दारं हळदी. दृष्ट लागेल असं झालंय. फक्त दारं मिटून राहत नाहीत. बंद करून पाठ फिरवली की हळूच उघडतात. चिंगी म्हणते, कपाटात कोणीतरी आहे. चार वर्षांची पोर, काहीही बोलते.

बायकोचं मत, जमीन कललीय. माझं मत, कपाटाचा पाय लांब आहे. पाय पाव इंच कापला. दारं मिटली. कोणाचं खरं ठरलं ते लिहायची गरज नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. गवंडी. कपाटाबद्दल चकार शब्द नाही. आल्या आल्या चिंगीची गोटी जमिनीवर ठेवली. ती आपली आपण पलंगाखाली भिंतीपर्यंत गेली. परत ठेवली, परत गेली. चिंगीने टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी नाही.

मग पलंग ओढून भिंतीला कान लावला. पुट्टी पुन्हा तडकली होती. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि म्हणाला, दाजी, ही काच तडकली तर समजायचं भिंत चालू लागली. त्याच दिवशी पोरीला घेऊन बाहेर पडा, सामानाकडे बघू नका, माझं घर तुमचंच आहे. मी म्हणालो, चहा घे.

विटा रचणाऱ्याला इंटिरियर काय कळणार? आता मोतिया भिंतीवर सिमेंटचे दोन राखाडी गोळे आहेत. बायकोने काचेच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. का, ते सांगितलं नाही. म्हणजे एका दिवसात दोन परके रंग. सहन करतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार
शिडीचं शेल्फ लावलं. नजरेने सरळ, दोऱ्याने तिरकं. म्हणून भंगारवाल्याकडून बुडबुडेवाली लेव्हल आणली. सगळ्या खोलीत फिरवली. बुडबुडा जिथे तिथे एकाच बाजूला पळतो. सेकंडहँड वस्तूचा हाच तोटा, बिघडलेली निघाली. परत केली. भंगारवाला म्हणाला, साहेब, माझ्या दुकानात तर बरोबर दाखवते. त्याच्या दुकानाचं काय सांगावं.

खुर्च्यांचे पाय कापले. प्रत्येकी दोन, भिंतीच्या उलट बाजूचे. आता कलत नाहीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०
काच तडकली.
बायको नळावर होती. चिंगी झोपेत. मी पाच मिनिटं उभा राहून शांतपणे विचार केला. काच पातळ होती. सिमेंट सुकताना ओढ बसते. शिवाय मशीन. शिवाय पलंग अर्धाच रंगलाय, अशा वेळी घर सोडून मेहुण्याच्या दारात उभं राहायचं? तो म्हणेल, बघा दाजी. आयुष्यभर म्हणेल.

संध्याकाळी त्याच मापाची पट्टी कापून आणली. बायको चिंगीला घेऊन भाजी आणायला गेली तेवढ्यात बसवली. अगदी काटकोनात, मेहुण्यापेक्षा सरळ. लाल ठिपकाही गेला, ते एक बरं झालं.

बायकोने रोजच्यासारखं विचारलं, काच? मी म्हणालो, शाबूत. खोटं नाही. लावलेली काच शाबूतच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
पलंग पूर्ण. हळदी, कडेला मोरपंखी रेघ. चिंगी त्यावर इतकी नाचली की बायको ओरडली, अगं हळू, भिंत हलेल. लेकराला असं घाबरवू नये.

खोलीचं दार चौकटीत अडकतं. वरून रंधा मारला. खिडकी उघडत नाही. तशीही धूळ येते.

१८ फेब्रुवारी, बुधवार
दुसरी काच तडकली. तिसरी लावली, जाड घेतली.

भेग आता करंगळी जाईल एवढी. गार हवा येते तिच्यातून. मशीन थांबलं की आतून काहीतरी झरझर सांडल्यासारखा आवाज येतो. मुंग्या असतील.

युक्ती सुचली. भंगारातून आणलेली खिडकीची चौकट मोरपंखी रंगवून तिच्यात आरसा बसवला आणि पलंगावर, भेगेच्या वरच्या भागावर टांगला. खोली दुप्पट दिसते. बायको म्हणाली, पोरीच्या डोक्यावर एवढं जड टांगलंत? मी म्हणालो, खिळा चार इंची आहे. ती म्हणाली, खिळ्याचं म्हणतच नाहीये मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी आरसा सरळ करून जातो. संध्याकाळी तिरका. कोणीतरी मान कलती करून बघत बसावं तसा. दोनदा सरळ केला. चिंगी आज त्या पलंगावर झोपायला तयार नाही. म्हणते, भिंत बोलते. काय बोलते विचारलं, तर म्हणाली, हळू बोलते, कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २
बायकोने केर काढताना पलंग ओढला. काच शाबूत होती, जाडच घेतली होती. पण ती वाकून बघतच राहिली. मग विचारलं, लाल ठिपका कुठाय?

मी म्हणालो, पुसला असेल. ती म्हणाली, नेलपॉलिश आहे ते, पुसत नाही. किती काचा बदलल्यात? मी म्हणालो, दोन. ती भांडली नाही. भांडली असती तर माझ्याकडे मुद्दे होते, लिहून ठेवलेत. तिने चिंगीचे कपडे पिशवीत भरले, दूध बांधून घेतलं, आणि दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, अहो, पोरगी तिथे झोपत होती.

मी म्हणालो, रंग ओला आहे, पिशवी लागेल दाराला. लागलीच.

२२ फेब्रुवारी, रविवार
शांतता. कामाला उत्तम. दाराला लागलेला डाग मोरपंखीने दुरुस्त केला.
निश्चय: आठवड्यात सगळं पुरं करून तिला बोलवायचं. एकदा पूर्ण खोली बघितली की तिचा राग पळेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६
खळ्ळकन आवाजाने जाग आली. तिसरी काच. नवीन लावली नाही, बघायला आहे कोण? त्यानंतर भिंतीत लांबलचक आवाज, जुनं धोतर टरकवावं तसा. उंदीर. चहात चुन्याचे कण पडले. कपावर बशी ठेवून प्यालो.

आमच्या खालच्या बंद दुकानाचा मालक आला होता. कुलूप काढून राहिलेली पोती नेली. मला म्हणाला, तुम्ही अजून इथेच? मी म्हणालो, थोडं फिनिशिंग राहिलंय. त्याने पाठीवर हात ठेवला. लोक हळूहळू कदर करू लागलेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोचा फोन! म्हणाली, भावाच्या घरी एक मोठी भिंत मोकळी पडलीय, कुठला रंग द्यावा कोणाला कळत नाहीये, तुम्हीच येऊन सांगा, रविवारी सकाळीच या, राहायच्या तयारीने या. मागून मेहुण्याचा आवाज आला, दाजींशिवाय हे व्हायचं नाही म्हणावं.

शेवटी पटलं त्यांना. मी चिडून काही बोललो नाही. मोठेपणा दाखवायची हीच वेळ. टेप, पेन्सिल, रंगांची कार्डं पिशवीत भरली. बायको म्हणाली, उद्याच या ना. मी म्हणालो, कपाटाचा दुसरा हात राहिलाय. ती मग म्हणाली, बरं, पण रविवार चुकवू नका.

१ मार्च, रविवार. दुपारी १२
मेहुण्याकडे. भिंत मोजली. बारा फूट. मोकळी वगैरे काही नाही, तिच्यापुढे ट्रंका आणि शिलाई मशीन आहे. पण दृष्टी असली की सामान आड येत नाही. हळदी सुचवला. मेहुणा म्हणाला, द्या की दाजी, दोन-तीन महिने लागले तरी चालेल. बायकोने माझं ताट आधी वाढलं. चिंगी मांडीवरून उतरत नाहीये.

जेवून घरी एक चक्कर मारतो म्हणालो. बायको म्हणाली, आज नको. मेहुण्याने माझ्या चपला कुठेतरी ठेवल्यात, सापडत नाहीत.

संध्याकाळी ६
दुपारी एकला भंगारवाल्याचा फोन. आधी विचारलं, साहेब, आत नाही ना? मी विचारलं, कशाच्या आत? तो रडायलाच लागला.

आम्ही सगळे गेलो. मी मेहुण्याच्या चपला घालून.

पलंगाकडची भिंत पूर्ण गेलीय. बाकीचं उभं आहे. रस्त्यावरून खोली अशी दिसते, जणू दारं उघडी टाकलेलं कपाट. मोतिया, त्यावर मोरपंखी कपाट, हळदी दारं, शिडीचं शेल्फ, तीन खुर्च्या ओळीत. उन्हात रंग जुळून आले होते. पलंग दिसला नाही. जिथे होता तिथे जमीनच नव्हती. खाली विटांच्या ढिगातून हळदी रंगाचं एक लाकूड वर आलं होतं.

दोरी बांधलीय. बरीच माणसं. पुढची बाई म्हणाली, किती हौसेने मांडलं होतं कोणीतरी. तिच्याबरोबरचा माणूस म्हणाला, हौस कसली, एवढी भिंत जाते म्हणजे महिनाभर भेग दिसत असणार, घरात लहान पोर असतं तर? मग वळून मलाच विचारलं, तुम्ही इथलेच का, कोण राहत होतं इथे?

मी म्हणालो, माहीत नाही.

चिंगी बायकोच्या कडेवर होती. तिने बोट वर केलं, बोलायला तोंड उघडलं. बायकोने तिच्या तोंडावर हळूच हात ठेवला.